स्टेपनीखालचे फोटो

३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा तेच — ‘जागा शिल्लक नाही’! ह्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला, कपाळाला आठ्या. मग पाटीवर लिहिलं, ‘हे तुझं खातं.’ भरायचं ह्यांनी आणि उपसायचं मी. कायमचंच आहे.

पण रागावले नाही. खरं सांगायचं तर मनातून बरंच वाटलं. ऑपरेशनला चार महिने होऊन गेले. स्वरयंत्र काढलं, मानेला भोक ठेवलं, श्वास आता तिथून. आणि हा माणूस बाल्कनीतल्या कुंडीचे फोटो काढतोय! तेही एका फुलाचे नऊ. डॉक्टर म्हणाले होते, ‘गाठ पूर्ण निघाली, माणूस तुमचा.’ माणूस माझा आहे. नसेना का जागा फोनमध्ये.

लेकीला फोन केला. ‘आई, फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे एकच संग्रह आहे. तू कॉम्प्युटरवर बसून साफ कर, फोन आपोआप हलका होईल. आणि बाबांना बसवू नकोस, ते एकही काढणार नाहीत.’ हे सांगायला लेक कशाला हवी!

लाँड्रीत मी दिवसभर दुसरं काय करते? कोणाचा शर्ट, कोणाची चादर — नंबराची चिंधी टाचा, गठ्ठा बांधा, फळीवर ठेवा. फोटोंचंही तसंच करायचं.

५ फेब्रुवारी, बुधवार

कामावरून येऊन चहा घेतला नि बसले.

आधी जुळे काढले. कॉम्प्युटर स्वतःच दाखवतो — हा आणि हा सारखाच आहे, एकच ठेवू का? ठेव बाबा! लेकीच्या पदवीचा एकच फोटो किती वेळा साठवलाय देव जाणे. मग विजेच्या बिलांचे, पत्त्यांचे, कोणाच्या तरी गाडीच्या नंबरप्लेटचे. ह्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला कोणी घासून गेलं की हे आधी फोटो काढायचे, मग भांडायचे. घासणारे कधीच निघून गेले, नंबरप्लेटी राहिल्या.

तारखांचा तर नुसता घोळ. जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली की त्याचं घड्याळ पार मागे जायचं. त्यामुळे लेकीचं लग्न तिच्या बारशाच्या आधी लागलंय! एकेक दुरुस्त करत बसले होते, मान आखडली. मग युक्ती सापडली — त्या दिवसाचे सगळे एकदम निवडायचे, पहिल्याची तारीख बरोबर करायची, बाकीचे तेवढ्याच अंतराने मागोमाग सरकतात. केवढी खूश झाले! ह्यांना हाक मारून दाखवलं. ह्यांनी अंगठा वर केला आणि लिहिलं, ‘उशिरा का होईना, दुसरा गिअर.’

मला गाडी शिकवताना मी पहिल्या गिअरच्या पुढे गेले नाही म्हणून हे टोमणे. तीस वर्षं ऐकतेय. आता ऐकत नाही, वाचते. चालेल!

मग चेहरे. कॉम्प्युटर विचारतो, ‘ही आणि ही एकच व्यक्ती का?’ — एकीकडे सासूबाई, दुसरीकडे लेक. ‘नाही’ म्हटलं तरी परत विचारतो. सासूबाई असत्या तर मोहरून गेल्या असत्या. माझा चेहरा म्हणे सगळ्यात जास्त. ह्यांचा मात्र जेमतेम, आणि त्यातही अर्ध्यांत कॅमेरा धरणाऱ्याचा अंगठा पुढे आलेला. साहजिक आहे. फोटो काढणारा फोटोत कुठून असणार?

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज कमाल केली!

इस्त्रीला बसते ती मैत्रीण म्हणाली, ‘अगं, ते हलते फोटो आहेत ना, ते दुप्पट जागा खातात. साधे करून टाक.’ हलते म्हणजे बोट दाबून धरलं की जरासे हलतात तो प्रकार. बटण दाबायच्या किंचित आधीचं आणि किंचित नंतरचं फोन टिपून ठेवतो म्हणे. ह्यांच्या फोनमध्ये ते कायम चालूच असतं. मला काय कळलाय त्याचा उपयोग! मी डोळे मिटलेली, मग उघडलेली. बघायचंय कोणाला?

सगळे एकदम निवडले. ‘साधे करा.’ केले. हलते कचरापेटीत गेले. पण कचरापेटीही जागा खातेच, मग तीही रिकामी केली. कॉम्प्युटरने विचारलं — ‘हे परत मिळणार नाहीत. नक्की?’

नक्की! अर्धा फोन मोकळा!

ह्यांनी लगेच त्या फुलाचा दहावा फोटो काढला.

८ फेब्रुवारी, शनिवार

आवाजाच्या बाईंकडे गेलो होतो. हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत त्यांची खोली, भिंतींना जाड पडदे. बाई हसऱ्या, पण हट्टी. मला आवडतात.

ह्यांना आतून एक छोटी झडप बसवली आहे. मानेच्या भोकावर बोट दाबायचं, श्वास आत वळवायचा, की आवाज येतो. येतोच. दोन महिन्यांपूर्वी ह्यांनी एकदाच केलं. ‘आ’ म्हटलं. घोगरा, फाटका, जाडा असा काहीतरी आवाज आला. हे दचकले. पाटीवर लिहिलं, ‘हा मी नाही.’ त्यानंतर बोट मानेकडे गेलेलं नाही.

आजही नाही. बाईंनी समजावलं, चेष्टा केली, रागावल्या. हे खिडकीबाहेर बघत बसले. मैदानावर गाडी शिकवताना ओरडले तर पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं ह्यांना! ‘क्लच! क्लच! अहो, क्लच म्हणजे ब्रेक नव्हे!’ — माझे निम्मे शेजारी ह्यांच्याच ओरड्यावर गाडी शिकले. लोक अजून ‘मास्तर’ म्हणून हाक मारतात, आणि मास्तर मान हलवतात. माणूस वाचला, पण मास्तर कुठेतरी आतच बसून राहिलाय. आणि बाई म्हणाल्या, सवय लवकर लागली नाही तर पुढे मनच घेत नाही. कायमचं गप्प राहणारे आहेत.

निघताना त्यांनी मला दारात थांबवलं. ‘ह्यांच्या जुन्या आवाजाचं काही आहे का? ध्वनिमुद्रण, व्हिडिओ, काहीही. थोडं असलं तरी त्यावरून फोनवर त्यांच्यासारखा आवाज तयार करता येतो. ते टाइप करतील, फोन बोलेल. एकदा स्वतःचा आवाज कानावर पडला की कधी कधी माणूस खुलतो.’

काय असणार? ह्यांना व्हिडिओचा तिटकारा. ‘फोटोत माणूस शहाणा दिसतो, व्हिडिओत खरा दिसतो’ असं म्हणायचे. ऑपरेशन इतकं घाईत झालं की आवाज साठवून ठेवावा हे कोणाच्या मनातही आलं नाही.

ह्यांना काही सांगितलं नाही. उगाच आशा लावायची आणि हात हलवत परत यायचं, नको.

९ फेब्रुवारी, रविवार

लेकीला सांगितलं. ती आनंदाने ओरडलीच — ‘अगं आई, बाबांचे ते हलते फोटो! त्यात आवाज असतो! बटण दाबायच्या आधी ते काहीतरी बोलतातच ना!’

फोन तसाच हातात धरून कॉम्प्युटरपाशी गेले.

कॉम्प्युटरचा आवाज मी कायम बंद ठेवते. टुण टुण वाजतं ते सहन होत नाही. म्हणून मला ठाऊकच नव्हतं की ते फोटो नुसते हलत नाहीत, बोलतात.

१० फेब्रुवारी, सोमवार

कचरापेटी रिकामी. मीच केली. फोनमध्ये बघितलं, तिथूनही गेले, कारण संग्रह एकच! इथे काढलं की तिथलंही जातं. लेकीकडे आहेत ते मेसेजवर पाठवलेले. पाठवताना साधेच होऊन जातात म्हणे. तिने रात्रभर शोधले बिचारीने. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही, उलट ‘कोणाच्याही हातून झालं असतं’ म्हणाली. माझी पोर गुणाची आहे.

माझ्या हातून व्हायला नको होतं. लाँड्रीत पावती नसलेला साधा हातरुमालसुद्धा आम्ही वर्षभर फळीवर ठेवतो. कोणाचा कधी येईल सांगता येत नाही म्हणून. आणि घरचा आवाज? ‘नक्की?’ ‘नक्की!’ माती खाल्ली मी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

‘पुसलेले फोटो परत मिळवा’ असा एक प्रोग्रॅम सापडला. दोन दिवस चालवला. नंबरप्लेटी परत आल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

काय दिवस! नीट क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी भांडी विसळताना रडू आलं. नळ सोडून रडत होते, म्हटलं आवाज जायचा नाही. हा माणूस बोलत नाही, पण कान तिखट! मागे येऊन उभे. नळ बंद केला. पाटी पुढे केली — ‘काय झालं?’

लपवून ठेवलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. बाई काय म्हणाल्या, हलते फोटो, कचरापेटी, नंबरप्लेटी. ‘अहो, तुमचा आवाज मी कचऱ्यात टाकला!’ म्हटलं आणि ओट्याशी खालीच बसले.

वाटलं, चिडतील. ह्यांनी पाटी ठेवली, गाडीची किल्ली घेतली आणि निघाले. मी पदराला हात पुसत मागे. मनात म्हटलं, आता हे कुठे निघाले तोंड फिरवून?

खाली गाडीपाशी गेले, डिकी उघडली. चटई काढली. स्टेपनीचं चाक उचललं, पंचाहत्तर वेळा मी म्हटलंय आता तुम्ही जड उचलू नका! त्या चाकाखाली एक पुडकं. माझा जुना निळा टॉवेल, जो मी घरभर शोधला होता. टॉवेल उलगडला. आत एक हार्डडिस्क.

ह्यांचं हे खूळ मला माहीत होतं, म्हणजे निम्मं माहीत होतं. ‘गाडीत दुसरं चाक असतं, मग घरात प्रत्येक गोष्टीचं दुसरं का नसावं?’ किल्लीची दुसरी, चष्म्याचा दुसरा, घराच्या कागदांची दुसरी प्रत, सगळं डिकीत. मी हसायची. ‘नवराही दुसरा ठेवू का डिकीत?’ म्हणायची. आणि हे दर दोन-तीन महिन्यांनी सगळे फोटो त्या डिस्कवर उतरवून स्टेपनीखाली ठेवत होते. शेवटचे ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात.

तिथेच रस्त्यात गळ्यात पडले. समोरच्या दुकानातला बघत होता. बघू दे!

त्याच डिकीला टेकून ह्यांनी मळक्या बोटाने मागच्या काचेच्या धुळीत लिहिलं — ‘हळू. मान.’

१७ फेब्रुवारी, सोमवार

डिस्क चालेना.

लावली की दिवा लागतो, घरघर करते, आणि कॉम्प्युटर म्हणतो काही जोडलेलंच नाही. उन्हाळे-पावसाळे गाडीत काढलेत तिने! परत परत काढ-घाल करत होते तर ह्यांनी माझा हात धरला. पाटी — ‘गाडी सुरू होत नाही म्हणून स्टार्टर मारत बसायचं नाही. आधी वायर बघायची.’

उद्या वायर बदलून बघू.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

वायरच होती!! कोपऱ्यावरच्या मोबाईलवालीने स्वतःची दिली, जाडी, आखूड. पैसे घेतले नाहीत. ‘मास्तरांनी माझ्या भावाला तीन वेळा नापास होऊनसुद्धा शिकवलं’ म्हणाली. डिस्क लावली, कॉम्प्युटर ओळखता झाला. सगळे फोटो आहेत, हलते आहेत.

सगळ्यात आधी काय केलं? सगळंच्या सगळं नव्या डिस्कवर उतरवलं. मगच फोटो उघडले. इतकी तरी अक्कल आली. नवी डिस्क गाडीत ठेवायची नाही, उन्हाने शिजेल. ती माझ्या लाँड्रीच्या कपाटात. दोन प्रती दोन छपरांखाली! ह्यांना पटलं.

मग कॉम्प्युटरचा आवाज सुरू केला. हे शेजारी खुर्ची ओढून बसले. पहिलाच फोटो, मी बाल्कनीत, ओले केस, वैतागलेली. बोट दाबून धरलं.

‘— अगं, हस की जरा, बिल मागतोय का मी?’

खोलीत. ह्यांचा. तोच. गडगडता, वरून हसणारा. बोलता बोलता मध्येच तुटलेला.

मी एकदम ह्यांच्याकडे बघितलं. चेहरा पांढरा झाला होता. उठले आणि बाहेर गेले. खाली गाडीचं दार लावल्याचं ऐकू आलं. गाडी सुरू झाली नाही. नुसते आत बसून राहिले.

चुकलं का माझं? एकट्याने ऐकायला द्यायला हवं होतं का?

२० फेब्रुवारी, गुरुवार

हे फोटोंच्या खोलीत येत नाहीत. मी बसते. चिंधी लावते तशी प्रत्येक फोटोला खूण लावते — ‘आवाज स्पष्ट’, ‘आवाज मागे’, ‘वारा’, ‘कामाचा नाही’. एकदा खूण लावली की सगळे स्पष्ट एका हाकेला समोर येतात, परत शोधावं लागत नाही. आधी सुचलं असतं तर!

काय काय बोलायचा हा माणूस!

‘मागे, मागे, अजून मागे, बास! कठडा आहे!’ — फोटो काढत होते की गाडी लावत होते?

‘डोळे उघड, लायसन्सचा फोटो नाहीये.’

‘आता तू काही बोलू नकोस, फक्त —’

आणि माझं दुर्दैव बघा, जवळपास प्रत्येक फोटोत ह्यांच्या आवाजावर माझी बडबड! ‘लवकर काढा हो’, ‘दूध उतू जाईल’, ‘पोट दिसतंय का’. एक वाक्य मोकळं बोलू दिलेलं नाही मी ह्यांना. ‘कामाचा नाही’ची खूण बहुतेक माझ्यामुळेच लागतेय. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, मग नुसतंच पाणी आलं.

एक गोष्ट मात्र कळली. ते एकाचे नऊ फोटो मी ‘जुळे’ म्हणून उडवत होते ना, नऊही वेळा वेगळं काहीतरी बोललेत. जुळे दिसायला असतात. ह्यापुढे ऐकल्याशिवाय एकही काढायचा नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

एक सापडला. मी झोपलेय सोफ्यावर, तोंड उघडं, अवतार नुसता. असला फोटो आधी दिसता तर तिथल्या तिथे पुसला असता. दाबून धरला. ह्यांचा आवाज, अगदी हळू, स्वतःशीच —

‘दमली बिचारी.’

एवढंच. खूण लावली नाही. हा बाईंना द्यायचा नाही. हा माझा.

२३ फेब्रुवारी, रविवार

हे आले! चहाचा कप घेऊन सरळ शेजारी बसले, जणू रोजच बसतात. मी काही बोलले नाही. (हो, मी!) एकेक फोटो लावत गेले. मैदानावरचा एक आला, नव्या मुलीला शिकवताना, ‘शाब्बास! आता रडू नको, गाडी चालू आहे!’ आणि ह्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते. आवाज नाही, पण खांदे तेच जुने. मग दोघंही हसत सुटलो.

पाटीवर लिहिलं, ‘फार ओरडायचो का गं?’

म्हटलं, ‘फारच! अख्ख्या गल्लीला वेळापत्रक कळायचं आपलं. बाथरूममधून “टॉवेल!” अशी आरोळी, रोज, न चुकता. तीस वर्षांत एकदाही टॉवेल घेऊन आत गेला नाहीत. आता मी आधीच खुंटीवर लावून ठेवते, नाहीतर ओले कुडकुडत बसाल आत. आणि खरं सांगू? तीच आरोळी सगळ्यात जास्त आठवते. इतकी चिडायचे, पण तीच.’

ह्यांनी पाटी पुसली आणि रिकामा कप उचलून आत गेले.

१ मार्च, शनिवार

निवडलेले तुकडे बाईंना दिले. त्यांनी कानाला लावून ऐकले, हसल्या. ‘सगळी वाक्यं हुकुमाची आहेत हो!’ म्हणाल्या. ‘हस, थांब, मागे हो, बघू नको.’ काय करणार, मास्तर आहेत. कमी आहेत म्हणाल्या, पण प्रयत्न करू.

आणि बाईंनी ह्यांना बजावलं, ‘फोनचा आवाज मिळेल, पण तो फोनचा. तुमची झडप गंजू देऊ नका.’ हे खिडकीबाहेर. पण ह्या वेळी मान हलवली, किंचित. मला तरी तसं वाटलं.

७ मार्च, शुक्रवार

ह्यांचं नवीन नाटक — रोज सकाळी खाली जाऊन गाडीत बसतात. काचा वर. ‘बॅटरी उतरू नये म्हणून’ असं लिहिलं. इंजिन तर बंद असतं! बाल्कनीतून बघते तर तोंड हलतं. गाणी लावून सोबत ओठ हलवत असतील. हलवू दे. माणसाला आपली अशी जागा लागते, आणि गाडीशिवाय ह्यांची दुसरी जागा कोणती?

१५ मार्च, शनिवार

आला! आवाज आला!

ह्यांनी फोनवर टाइप केलं, बाईंनी बटण दाबलं आणि फोन बोलला — ‘क्लच सोड. हळू.’ हुबेहूब! माझ्या अंगावर काटा. ‘हस जरा’ तर इतकं खरं की मी खरंच हसले. लांब वाक्य टाकलं की मात्र सपाट होतो, बातम्या वाचल्यासारखा. ज्या शब्दांचे तुकडे नव्हते ते शब्द त्याला जड जातात. पण तरीही. तरीही!

संध्याकाळी लेकीला फोन लावला. नातू पलीकडे. ह्यांनी टाइप केलं, फोन म्हणाला, ‘कोण बोलतंय रे?’

लगेच ‘आजोबा! आजोबा! तुझा घसा बरा झाला?’ आणि लेक मागे हमसून हमसून रडतेय.

किती जणांचे आभार मानू? बाईंचे. लेकीचे, जिने मला बोल लावला नाही. वायर देणाऱ्या पोरीचे. त्या निळ्या टॉवेलचे. आणि ह्या खुळ्या माणसाचे, ज्याने प्रत्येक गोष्टीचं दुसरं ठेवलं. आज काहीही मागायचं नाहीये मला कोणाकडे. पोट भरलेलं आहे.

२२ मार्च, शनिवार

फोटोंचं काम जवळजवळ संपलं. वर्षांप्रमाणे लावले, माणसांप्रमाणे खुणा, सासूबाई आणि लेक एकदाच्या वेगळ्या झाल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही डिस्कवर उतरवायचं, असा नियम केला. ह्यांनी त्यावर सही केली, पाटीवर.

फोनचा आवाज हे वापरतात. दूधवाल्याशी, नातवाशी, मैदानावर एकदा. नवीन शिकणाऱ्याला फोन म्हणाला, ‘मागे, मागे, बास! कठडा आहे!’ तो घाबरून उतरलाच.

माझ्याशी मात्र पाटीच. विचारलं, ‘अहो, माझ्याशी का नाही बोलत त्या आवाजात?’

लिहिलं — ‘तो फोटोतल्या माणसाचा. त्याला टाइप करेपर्यंत तुझी चार वाक्यं होतात.’

हसले. पण खरं सांगते, जरा खट्टू झाले. मग म्हटलं, पुरे! जे मिळालंय ते डोंगराएवढं आहे. पाटी तर पाटी.

३० मार्च, रविवार

आज एकही फोटो पुसला नाही. ह्यांनी माझे नऊ काढले. सगळे ऐकले, सगळ्यांत मीच बोलतेय, आणि मागे कुठेतरी श्वासाची बारीक शीळ. ह्यांची. खूण लावली — ‘आवाज स्पष्ट’.

२ एप्रिल, बुधवार

सकाळची घाई. डबा भरत होते, कामावर जायला उशीर झालेला. बाथरूममधून आरोळी — ‘टॉवेल!’

‘आले हो, आले! एक दिवस स्वतःहून नेलात तर काय बिघडेल?’ ओरडले, हात पुसले, दोरीवरचा टॉवेल ओढला, तणतणत निघाले. दाराशी पोचले तेव्हा पाय थांबले.

घोगरा होता. फाटका, जाडा. तोच, ज्याला हे ‘हा मी नाही’ म्हणाले होते. गाडीत काचा वर करून बसत होते ते ह्याच्यासाठी. आणि मला तो वेगळा आहे हेसुद्धा कळलं नव्हतं! ह्यांनी हाक मारली, मी चिडले, एवढंच.

दार किलकिलं झालं, ओला हात बाहेर आला. आत खुंटीवर मी लावलेला टॉवेल होता तसाच लटकत होता. कोरडा.